मिनिटकाकांचं रेकॉर्डिंग

वेळापत्रक विभागात पाच माणसं होती आणि ती पाच घरांत बसून काम करत होती. शहरातली कोणती बस किती वाजता सुटणार, कुठे किती थांबणार, कोणत्या चालकाच्या वाट्याला कोणती फेरी येणार, हे सगळं या पाच जणांच्या डोक्यातून निघायचं. पूर्वी ते बस डेपोच्या वर, तिसऱ्या मजल्यावरच्या एका लांबलचक खोलीतून निघायचं. आता कुणाच्या स्वयंपाकघरातून, कुणाच्या पलंगाच्या कडेवरून निघत होतं. दोन वर्षांपूर्वी कंपनीनं तो मजला सोडून दिला होता. टेबलं गेली, कपाटं गेली, आणि ज्याच्या त्याच्या घरी एकेक लॅपटॉप आला.

या पाच जणांतली छोटी एकोणपन्नास वर्षांची होती. बाविसाव्या वर्षी ती विभागात लागली तेव्हा तिथल्या अकरा जणांत सगळ्यांत लहान, म्हणून तिला छोटी म्हणायला लागले. केस पिकले, चष्मा लागला, लेक शिकायला परगावी गेली, तरी नाव तेच राहिलं. ते पाडलं होतं मिनिटकाकांनी. त्यांचंही खरं नाव पगाराच्या कागदाखेरीज कुठे वापरात नव्हतं. कुणी त्यांच्या वेळापत्रकातलं एक मिनिट इकडचं तिकडे केलं की ते पार वरच्या साहेबापर्यंत जाऊन भांडत, त्यावरून ते मिनिटकाका झाले. आठ वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले, पण त्यांच्यावाचून अडायला लागलं तेव्हा कंपनीनं त्यांना परत बोलावलं. आता मात्र ते खरोखरच निघाले होते. त्यांचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि काकूंच्या गुडघ्यांनी हात टेकले होते. मुलीनं तिच्या गावी, तिच्या शेजारीच तळमजल्यावरचं घर बघून ठेवलं होतं.

"मॅडम, हे काम तुम्हीच करा," एका सकाळी कॉलवर साहेब म्हणाले. साहेब छोटीपेक्षा अकरा वर्षांनी लहान. माणूस सरळ, पण कायम घाईत. खुर्चीला पाठ टेकून बसलेले त्यांना कुणी पाहिलेलं नव्हतं. "काका दीड महिन्यानं जाणार. त्यांच्या डोक्यात जे आहे ते नवीच्या डोक्यात उतरलं पाहिजे. नवी राहते दुसऱ्या गावात, तिचं मूल लहान, दोघांच्या वेळा जुळत नाहीत. तेव्हा काकांनी काम करताना स्क्रीन रेकॉर्ड करायचा, वर बोलत जायचं, आणि नवीनं ते सवडीनं बघायचं. त्यासाठी सॉफ्टवेअर लागेल. बाजारात ढिगानं आहेत. मी तीन काढून ठेवलीत. दोन आठवड्यांत एक निवडा."

"निवडायचं कशावरून?"

"वापरून बघा. कळेल तुम्हाला."

नवी म्हणजे पाच महिन्यांपूर्वी लागलेली मुलगी. मुलगी कसली, तिशीची बाई होती, पण विभागात तिच्यानंतर कुणी आलं नव्हतं म्हणून नवी. तिला कुणी प्रत्यक्ष पाहिलेलं नव्हतं. छोटीला तिचा चेहरा, तिच्या मागची निळसर भिंत आणि कधीमधी चौकटीत घुसणारा एक चिमुकला हात, एवढंच माहीत होतं.

तिन्ही सॉफ्टवेअरची नावं छोटीच्या लक्षात राहिनात. एकसारखीच वाटत होती, आणि उच्चारताना जीभ अडखळायची. मग तिनं त्यांना त्यांच्या चिन्हांच्या रंगावरून हाका मारायला सुरुवात केली: निळं, पिवळं आणि राखाडी. वहीचं एक पान घेऊन तिनं तीन उभे रकाने पाडले. पट्टी धरून रेघ ओढताना तिला तिसरा मजला आठवला आणि हात जरा थांबला.

त्या खोलीच्या एका भिंतीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक लाकडी फळा होता. आडव्या बाजूला पहाटेपासूनच्या वेळा, उभ्या बाजूला थांबे, आणि मध्ये शेकडो टाचण्यांना ताणून बांधलेले रंगीत दोरे. एक दोरा म्हणजे एक बस. ती निघाली की दोरा तिरका वर चढायचा, परत फिरली की खाली उतरायचा. जिथे दोन दोरे एकमेकांना छेदायचे तिथे रस्त्यावर दोन बस समोरासमोर यायच्या. वेळापत्रक बदलायचं ठरलं की सगळा विभाग हातात दोरे धरून फळ्यापुढे उभा. दोरे आणायचं काम छोटीकडे होतं. दुकानदार तिला कित्येक महिने शिवणक्लासची बाई समजत होता आणि तिनंही कधी त्याला सांगितलं नाही.

पहिल्याच दिवशी मिनिटकाकांनी पायानं एक स्टूल आपल्या डाव्या बाजूला सरकवलं होतं. "इथे बस. उजवीकडे नको, माझा हात अडतो." त्या स्टुलावर ती तीन वर्षं बसली. काकांनी तिला शिकवायचं म्हणून असं काही शिकवलंच नाही. ते आपलं काम करायचे आणि ती बघायची. मध्येच ते फळ्यावरच्या पहिल्या थांब्यावर बोट ठेवायचे आणि गप्प व्हायचे. बोट दोऱ्यावरून हळूहळू सरकायचं, ओठ हलायचे, आणि मग एकदम म्हणायचे, "दवाखान्यापाशी चाळीस सेकंद कमी पडतात." छोटीनं एकदा धीर करून विचारलं की हे कळतं कसं. काका म्हणाले, "त्या बसमध्ये बसली आहेस का कधी?" दुसऱ्या दिवशी दोघं त्या बसनं या टोकापासून त्या टोकाला गेली. दवाखान्याच्या थांब्यावर काठी टेकत तीन म्हातारी माणसं चढली. काकांनी फक्त मनगटावरचं घड्याळ तिच्यापुढे धरलं.

वहीतल्या रकान्यांना नावं देऊन छोटीनं आधी निळं उघडलं आणि स्वतःवरच करून पाहिलं. स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून तिनं सात मिनिटं एका तक्त्याबद्दल बोलून घेतलं. मग ऐकलं. आपला आवाज एवढा किनरा आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. कोपऱ्यातल्या गोलात तिचा चेहरा होता, आणि त्याच्या मागे, अगदी मन लावून, सासूबाई केस विंचरत होत्या.

"मी दिसतेय त्यात?" सासूबाई मागून डोकावल्या.

"दिसताय."

"मग आधी सांगायचं नाही का? केस तरी विंचरले असते."

"केसच विंचरत होतात."

सासूबाईंनी ते दोनदा लावायला सांगितलं आणि त्यांच्या मते चित्र चांगलं आलं होतं. छोटीनं निळ्याच्या रकान्यात लिहिलं: चित्र स्वच्छ, आवाज बरा.

त्या दुपारी तिनं काकांना फोन करून निळं चालू करून दिलं. लाल टिंब कुठे आहे, ते कधी दाबायचं, सगळं सांगितलं. काका तयारीत होते. इस्त्रीचा शर्ट घातला होता, असं काकूंनी मागाहून सांगितलं. त्यांनी चाळीस मिनिटं बोलून काढली, आणि छोटीनं उघडून पाहिलं तर रेकॉर्डिंग पाच मिनिटांचं. चाचणीपुरतं फुकट मिळणारं निळं पाचव्या मिनिटाला आपोआप थांबत होतं. तशी सूचना पानाच्या अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत होती. ती वाचायची छोटीनं, आणि तिनं वाचली नव्हती. त्या पाच मिनिटांत तरी काय होतं? "माझं नाव अमुक. मी आपणांस मार्ग क्रमांक चौदाविषयी माहिती देणार आहे." साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं केल्यासारखे काका ताठ बसले होते.

तिनं ओशाळत फोन केला.

"असू दे, छोटे," काका म्हणाले. "बस चुकली तर मागून दुसरी असतेच. उद्या परत सांगतो."

त्यात नवीचा निरोप आला की निळ्याची लिंक उघडायला आधी खातं काढावं लागतं, फोन नंबर द्यावा लागतो, आणि नंबर दिल्यापासून तिला जाहिरातींचे फोन यायला लागलेत. निळ्यावर काट बसली.

पिवळं मात्र बघताक्षणी कुणीही प्रेमात पडावं असं होतं. बोललेलं खाली अक्षरांत उमटायचं. कुणी किती पाहिलं याचा आलेख यायचा. आणि त्याचा सगळ्यांत मोठा गुण असा की बोलणारा जिथे जिथे गप्प असेल ती जागा ते आपणहून कापून टाकायचं. बघणाऱ्याचा वेळ वाचतो, असं त्यांच्या जाहिरातीत होतं. काकांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा चौदा नंबर सांगितला. पन्नास मिनिटं बसले, हातात आलं एकोणीस मिनिटांचं. साहेब खूश. "बघा, एकोणीस मिनिटांत चौदा नंबर खलास. मॅडम, हेच घेऊन टाकू."

खालची अक्षरं वाचून छोटीला हसू आवरेना. काका म्हणाले होते "शाळा सुटते तेव्हा", त्याचं झालं होतं "साळा सुटतो तेव्हा", आणि मग सगळ्या मार्गभर तो साळा सुटत होता, बसखाली येत नव्हता हे नशीब.

संध्याकाळी नवीचा फोन आला. जरा चाचरतच बोलत होती.

"ताई, एक विचारू? काका चांगलं सांगतात, पण फार भराभर सांगतात. आत्ता पहिल्या थांब्यावर होते, लगेच म्हणतात दवाखान्यापाशी चाळीस सेकंद कमी पडतात. उत्तर कळलं मला. पण ते आलं कुठून? माझंच लक्ष नाही का?"

"काका आणि भराभर?" छोटी म्हणाली. तिनं रेकॉर्डिंग पुन्हा लावलं आणि या खेपेला आवाज बंद करून फक्त स्क्रीन पाहिला. काकांचा बाण पहिल्या थांब्यावर होता, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत तो दवाखान्यावर. मधला रस्ताच नव्हता. पूल नव्हता, बाजाराचं वळण नव्हतं, शाळेचं फाटक नव्हतं. काकांनी तो रस्ता गप्प बसून पार केला असणार, बाण एकेका थांब्यावर टेकवत. पिवळ्यानं तेवढंच नेमकं कापून फेकून दिलं होतं. पन्नासातली एकतीस मिनिटं.

तिनं पिवळ्याच्या कंपनीला विचारलं की ही कापाकापी बंद करता येईल का. पलीकडून फार गोड उत्तर आलं: आमच्या ग्राहकांना ही सोय अतिशय आवडते, ती बंद करण्याची व्यवस्था सध्या नाही, आपला दिवस आनंदात जावो.

राहिलं राखाडी. ते दिसायला सरकारी अर्जासारखं होतं. बटणं मोठी, कोपरे टोकदार, रेकॉर्डिंग चढवायला एवढा वेळ की मध्ये एक कुकर होऊन जाईल. कापत काही नव्हतं, छापत काही नव्हतं. लिंक मात्र कुणालाही खात्याशिवाय उघडायची. आणखी एक होतं: चालू रेकॉर्डिंगमध्ये नेमक्या त्या क्षणावर बोट ठेवून प्रश्न लिहिता यायचा, आणि तो तिथेच चिकटून राहायचा. नवीनं छोटीच्या एका रेकॉर्डिंगवर तसा प्रश्न लिहून पाहिला: "इथे तुम्ही थांबलात, काय बघत होतात?" छोटीनं उत्तर लिहिलं आणि तिला वाटलं, आपल्याला कुणीतरी डावीकडून विचारतंय.

पण काकांचं गाडं पुढे सरकेना. राखाडीवर त्यांनी दोन वेळा प्रयत्न केला. दोन्ही वेळा "आपणांस माहिती देणार आहे"पासून सुरुवात, आणि दहाव्या मिनिटाला बंद.

"मला जमत नाहीये, छोटे," शेवटी त्यांनी फोनवर कबूल केलं. "समोर माणूस नाही. काचेला काय सांगायचं? काचेला प्रश्न पडत नाहीत."

हे ऐकून छोटी म्हणाली, "उद्या दुपारी मी येते."

चार मजले चढून गेल्यावर तिच्या ध्यानात आलं की ती इथे दोन वर्षांत आलीच नव्हती. रोज कॉलवर दिसायचे, म्हणून भेटल्यासारखंच वाटत होतं. काका बारीक झाले होते. कॉलमधल्या चौकटीत फक्त चेहरा यायचा, खांदे यायचे नाहीत. अर्धं घर खोक्यांत गेलं होतं. काकूंनी खुर्ची पुढे केली, तर काका म्हणाले, "खुर्ची नको तिला, डाव्या अंगाला काहीतरी बुटकं दे." काकूंनी पुस्तकांचं एक खोकं ओढून त्यावर उशी टाकली. छोटी बसली, राखाडीचं लाल टिंब दाबलं, आणि म्हणाली, "काका, चौदा नंबरच्या टोकाला तुम्ही तीन मिनिटं जास्तीची ठेवता. वेळापत्रक जुळवणारं मशीन दर वेळी ती काढतं आणि तुम्ही परत घालता. का?"

काका तिच्याकडे वळले. लॅपटॉप आहे हे विसरूनच गेले.

"अगं, त्या टोकाला चालकानं करायचं काय? नळ आहे पलीकडच्या गल्लीत. चालत जायचं, हात-तोंड धुवायचं, यायचं. आपण ती तीन मिनिटं काढली तर तो हात न धुता डबा खाणार, नाहीतर बस उशिरा काढणार. दोन्ही वाईट. मशीनला नळ कुठे माहीत आहे?"

"मला तरी कुठे माहीत होता?"

"तुला दाखवला होता मी. तू पाणीसुद्धा प्यायलीस तिथे. पायांत लाल चपला होत्या तुझ्या, एकीचा पट्टा तुटला आणि तू सगळी परतीची फेरी चप्पल हातात धरून केलीस."

"ते तुमच्या लक्षात आहे?"

"चौदा नंबर माझ्या लक्षात आहे," काका म्हणाले. "तू त्यात होतीस."

मग ते स्क्रीनकडे वळले, बाण पहिल्या थांब्यावर ठेवला आणि गप्प झाले. छोटीही गप्प बसली. बाण पुलावर आला, थांबला, बाजाराच्या वळणावर आला. खोलीत पंख्याचा आवाज येत होता. सत्तावीस वर्षांपूर्वी तिला असल्या वेळी जांभई यायची आणि ती दाबून ठेवायची. आज तीही त्यांच्याबरोबर त्या बसमध्ये होती. कोणत्या थांब्यावर कोण चढतं हे तिला दिसत होतं, आणि दवाखान्यापाशी दोघांच्या तोंडून एकदमच निघालं, "इथे कमी पडतात."

दोन आठवडे पुरे झाले तेव्हा साहेबांनी निकाल विचारला. छोटी म्हणाली, राखाडी. साहेबांना वाटलं ऐकण्यात चूक झाली.

"मॅडम, ते तर सगळ्यांत जुनाट आहे. आणि एकेक रेकॉर्डिंग तासाचं? तासभर कोण बघणार?"

"मी बघितलंय, साहेब," नवी मध्येच बोलली. कॉलवर ती एरवी विचारल्याशिवाय बोलत नसे. "दोनदा बघितलं. पोराला झोपवताना लावते. त्यात काका आणि ताई बोलतात, भांडतात, काका विचार करतात. मला वाटतं मी तिथे बसलेय. पिवळ्यात मला पाठ करावं लागत होतं."

साहेबांनी छोटीकडे पाहिलं. "तुमचं काय म्हणणं आहे?"

छोटीनं रात्री मनात बरीच वाक्यं जुळवली होती. वेळेवर त्यातलं एकही आठवेना. "साहेब, मी तीन वर्षं त्यांच्या शेजारी बसले तेव्हा मला हे काम आलं. नवीकडे चार आठवडे आहेत. त्यातलं काही कापू नका, एवढंच."

साहेबांनी डोळे मिटून कपाळ चोळलं. मग म्हणाले, बाकी कंपनीला पिवळं घेतो, तुमच्या विभागाला राखाडी ठेवा. आणि पुढचा विषय काढला.

त्यानंतरच्या चार आठवड्यांत छोटी दिवसाआड दुपारी ते चार मजले चढली. घरातली खोकी वाढत गेली. चौदा झाला, नऊ झाला, कारखान्याची पाळी सुटताना धावणाऱ्या खास फेऱ्या झाल्या. नवीचे प्रश्न आदल्या खेपेच्या रेकॉर्डिंगवर चिकटलेले असायचे. काका ते आधी मोठ्यानं वाचायचे. सुरुवातीला पुटपुटायचे, "हिला एवढं कसं कळत नाही." तिसऱ्या आठवड्यात एक प्रश्न मात्र त्यांनी दोनदा वाचला. नवीनं विचारलं होतं की शाळा सुटायच्या वेळी नऊ नंबरची गोल फेरी उलट्या बाजूनं फिरवली तर मुलांना रस्ता ओलांडावा लागणार नाही, तसं का केलं नाही. काकांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "हे मला सुचलं नव्हतं," ते म्हणाले. "इतकी वर्षं नऊ नंबर मी एकाच बाजूनं फिरवला. लिही तिला, बरोबर आहे म्हणावं."

शेवटच्या दुपारी काम लवकर संपलं. लाल टिंब चालूच होतं आणि दोघंही ते बंद करायला हात पुढे करत नव्हती. काकांनी विचारलं, "तो फळा गेला कुठे, छोटे?"

"भंगारात असेल. मी त्या दिवशी गेले नव्हते."

"मी गेलो होतो. भंगारवाल्यांना तो दारातून काढता येईना. मग त्याचे चार तुकडे केले. दोरे तसेच राहू दिले होते मी, कुणीतरी सोडवून घेईल म्हणून. कुणी घेतले नाहीत." ते थोडं हसले. "मी एक घेतला. पहिल्या बसचा. काकू म्हणते कुठल्या खोक्यात टाकलास सांग, मला सांगता येत नाहीये."

काका मुलीच्या गावी गेले त्या दिवशी कॉलवर निरोप झाला. पाच चौकटी, साहेबांचं छोटं भाषण, नवीच्या मुलानं हलवलेला हात. मग एकेक चौकट काळी झाली. छोटीनं लॅपटॉप मिटला आणि सासूबाईंना म्हणाली की बाहेर जाऊन येते. ती डेपोपर्यंत चालत गेली. तिसऱ्या मजल्यावर आता नाचाचा क्लास होता. खिडकीतून ताल ऐकू येत होता आणि खाली बस वेळेवर सुटत होत्या. ती जरा वेळ फाटकाशी उभी राहिली आणि परत आली.

पुढे दीड वर्षानं राखाडीवाल्यांचं पत्र आलं. धंदा गुंडाळतोय, महिनाभरात आपापली रेकॉर्डिंग उतरवून घ्या. ज्याच्यासाठी छोटी साहेबांशी भांडली होती, तेच बंद पडलं होतं. त्याच्या जागी कोणतं घ्यायचं ते नवीनं ठरवलं, आणि तिला त्याला एक दुपार लागली. आता तिच्या हाताखाली दोघं जण होते आणि तिला काय हवं ते तिला पक्कं ठाऊक होतं.

जुनी एकतीस रेकॉर्डिंग उतरवायचं काम छोटीनं स्वतःकडे घेतलं. एकेक उतरायला वीस-वीस मिनिटं लागत होती. ती बसल्या बसल्या कुठलंही मध्येच लावून बघायची. एकात काकूंचा आवाज होता, आतून, "चहा ठेवू का?" आणि दोघांचं एकदम "ठेवा", आणि त्यानंतर कुणाचं तरी खळखळून हसणं. ते आपलंच हसणं आहे हे कळायला तिला थोडा वेळ लागला. तिनं काकांना फोन लावला.

"बंद पडणारच," सगळं ऐकून काका म्हणाले. "आपण काय कमी पाहिली बंद पडलेली? तू उतरवून घेतेस ना, मग झालं. दोन ठिकाणी ठेव." मग त्यांचा आवाज बदलला. "बरं, तू फोन केलास ते बरं झालं. इथे माझ्या खिडकीसमोरच थांबा आहे. या लोकांच्या बसना कसला धरबंध नाही. दोन एकदम येतात, मग अर्धा तास सामसूम. मी त्यांच्या कंपनीला पत्र लिहिलंय. उत्तर नाही. आता दुसरं लिहितोय."

"काय लिहिलंय?"

"वाचून दाखवू? तुला वेळ आहे का?"

स्क्रीनवर बाराव्या रेकॉर्डिंगची पट्टी अजून निम्मीही भरली नव्हती. "वाचा," छोटी म्हणाली, आणि फोन कानाशी धरून टेबलावर कोपर टेकलं. पलीकडे कागदाची घडी उलगडल्याचा आवाज आला, काकांनी घसा खाकरला आणि वाचायला सुरुवात केली. पत्र चार पानी होतं.